चाचणीनंतर कोणी हाताळले?

मल्हारी कुराडे पेटी घेऊन आला तेव्हा आम्ही बायका कारखान्यात जेवायला बसलो होतो. पेटी त्याने टेबलावर ठेवली नाही, टाकली.

"हळू वो पाव्हणं!" माझी धाकटी जाऊ कला घास हातात धरूनच ओरडली. "आत सेल हाईत, बटाटं न्हवं."

"सेल हाईत का बटाटं, हेच इचारायला आलोय," तो म्हणाला. "माझी आई मेली असती काल."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

त्याची आई हौसाबाई नव्वदीच्या, नूलला राहतात. फुप्फुसं थकलेली, म्हणून हवेतून प्राणवायू काढून देणारं यंत्र त्यांच्या उशाशी कायम चालतं. वीज गेली तर ते बंद पडू नये यासाठी आमच्या दीपकळी संस्थेने ऑक्टोबरात त्यांना बॅटरीची पेटी दिली होती. ऑक्टोबर संपेपर्यंत एकदाही वीज गेली नाही, तेव्हा मल्हारीने ती चार्जरवरून काढून कपाटात ठेवून दिली. काल दुपारी वीज गेली. पेटी जोडली तर यंत्र एकदा घुरघुरलं आणि गप्प झालं. म्हातारीला शेजाऱ्याच्या गाडीत घालून गडहिंग्लजला आणलं, सिलिंडर लावला, म्हणून ती आज होती.

"नंतर चार्ज करून पाहिलीत का?" मी विचारलं. माझा आवाज लहान. त्याला दोनदा विचारावं लागलं.

"लावणार होतो. बायको म्हणाली नको, कसलातरी गोडसर वास येतोय."

"बरं केलंत."

अगदी तळाला गेलेला लिथियमचा सेल पुन्हा चार्ज करू नये, हे आमच्याकडे नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगतात. चार्ज फार उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं. चार्ज करताना ते नको तिथे जमून बसतं, आणि मग सेल आतल्या आत शॉर्ट होऊन पेटू शकतो.

विमलताई नलवडे, आमच्या अध्यक्षा, हात धुऊन आल्या. त्यांनी पेटी उचलून नाडीवर, म्हणजे सेल तपासायच्या यंत्रावर, ठेवली. आम्ही सगळ्या पाठीमागे उभ्या राहिलो. मिनिटभराने पडद्यावर तीन ओळी उमटल्या.

छत्तीसही सेल गळके. गळतीची सुरुवात बारा ऑक्टोबरच्या आगेमागे. संस्थेकडच्या मूळ नोंदीशी साम्य एक्केचाळीस टक्के.

"एक्केचाळीस," विमलताई म्हणाल्या. "म्हणजे यशोदाक्कांनी तपासलेले सेल हे न्हवंतच."

"नंबर तर तेच हाईत," कला म्हणाली.

"नंबर अंगड्यावर असतो, कला. अंगडं बदलायला कितीसा वेळ लागतो?"

अंगडं म्हणजे सेलवरचं पातळ प्लास्टिकचं वेष्टण. गरम हवा दिली की ते आवळून बसतं. आमचं रोजचंच काम. वाईट सेलवर चांगल्या सेलचं अंगडं चढवून विकणारे लोक आहेत, ही गोष्ट आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती.

विमलताईंनी कपाटातून ऑक्टोबरचा तक्ता काढला. दहा तारखेला मी सेल तपासले होते, उत्तम शेरा मारला होता, खाली माझी सही. चौदा तारखेला पेट्या बांधल्या. मधले चार दिवस सेल कोठीत होते. तक्त्यात एक रकाना असतो: चाचणीनंतर कोणी हाताळले? तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोणी नाही'.

कोठीची किल्ली कलाकडे असायची.

कलाने सगळ्यांकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी तक्ता वाचत राहिले, वाचून झाला होता तरी.

*

नाडी आल्यापासून गावात सगळ्यांच्याच नजरा जराशा बदलल्या होत्या.

आधी सेल कसा असतो ते सांगते. दिसायला बोटाएवढी धातूची नळी, पण आत सगळी अळूवडी. दोन लांबच लांब धातूच्या पट्ट्या, त्यांवर दोन वेगळे लेप, मध्ये एक पातळ पडदा, आणि हे सगळं गुंडाळून घट्ट बसवलेलं, पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे कण पडद्यातून एका पट्टीकडून दुसरीकडे जातात, वापरताना परत येतात. नळीचं सगळं अंग, अगदी वरच्या काठापर्यंत, ऋण. धन काय ती फक्त डोक्यावरची टोपी. टोपी आणि काठ यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढीही जागा नसते. तिथे धातूची वस्तू आडवी आली की सेल शॉर्ट होतो, म्हणून आम्ही प्रत्येक सेलच्या डोक्यावर जाड कागदाची एक रिंग चिकटवतो. किल्ल्या, नाणी यांच्याबरोबर सुटा सेल पर्समध्ये ठेवू नका असं आम्ही सांगतो, तेही याचसाठी.

नाडी सेलला हलके हलके विजेचे हेलकावे देते, कधी सावकाश, कधी भराभर, आणि अंगावरून ध्वनीची एक लाट सोडते. परत काय येतं यावरून आत किती झीज झाली, कधी ताप चढला, कुठे गळतंय हे तिला कळतं. लाखो सेल तिने ऐकलेले असतात. गळती कधी सुरू झाली हेही ती सांगते, आणि त्यात जादू काही नाही. टाकीतलं पाणी किती कमी झालं आणि थेंब किती वेगाने पडतोय हे माहीत असलं, की नळ कधीपासून गळतोय ते काढता येतंच.

कायद्याने जुना सेल नाडीशिवाय पुन्हा वापरायला बंदी झाली आणि आमच्यासारख्या संस्थांना काम मिळालं. पण पेटीला नाडी लावली, की आतल्या पट्टीवर साठलेल्या वेळाही वाचता येत. कधी चार्ज केली, कधी वापरली, चढावर किती जोर लागला. भडगाव रोडच्या एका बाईने नवऱ्याच्या गाडीची पेटी तपासायला म्हणून आणली आणि रडत परत गेली. एका सासूने सुनेच्या मिक्सरची बॅटरी आणली होती. आपण घरी नसताना वाटण किती वेळ चालतं ते तिला बघायचं होतं. आम्ही हसलो. विमलताईंनी भिंतीवर पाटी लावली, फक्त प्रकृती सांगू, इतिहास नाही. पाटी लागली, तरी इतिहासाचं पान काही यंत्रातून गेलं नाही.

*

मार्गशीर्ष लागला होता. दर गुरुवारी कारखान्याला सुट्टी, आणि त्या दिवशी मी घरी महालक्ष्मीचा घट मांडते. चार गुरुवार कडक उपवास, पोथी, संध्याकाळी सवाष्णी. कला मला पहाटे पाच पानं, पाच फळं मांडून देते आणि दहा वाजता तिची विजेवरची गाडी काढते. "दत्ताच्या देवळात पारायणाला बसते, अक्का," असं सांगते. गेली दोन वर्षं, बारा महिने. मला त्याचं कौतुक होतं. मी शेजारणींना सांगायचे, आमची कला गुरुवार चुकवत नाही.

त्या गुरुवारी पोथी वाचताना माझं लक्ष ठरेना. तिने गाडी सुरू केली, आणि दत्ताचं देऊळ उजवीकडे असताना गाडीचा आवाज डावीकडे गेला. इतकी वर्षं तो तसाच जात असणार. मी पहिल्यांदाच ऐकला.

दुपारी दीडला ती परतली. गाडी अंगणात लावून आंघोळीला गेली. घरोघरी तपासणीला नेतो ती हातातली छोटी नाडी माझ्या पिशवीत होती. मी बाहेर गेले. एकदा मागे वळून पाहिलं. मग गाडीच्या सीटखालच्या पेटीला ती लावली.

लाज वाटली हे खरं. पण लावली हेही खरं.

दर गुरुवारी दहाच्या सुमारास सुरुवात. पंचवीस किलोमीटर, अर्ध्याच्या पुढे चढ. मग दोन तास गाडी उभी, त्यात परक्या चार्जरवर थोडं चार्जिंग. मग परत. शंभराहून अधिक गुरुवार, तोच रस्ता.

पंचवीस किलोमीटर आणि पुढे चढ, म्हणजे नेसरी. नेसरीत जुने सेल घेणारा एक भंगारवाला होता, आमच्या सगळ्यांना माहीत असलेला. चांगला माल कुठून आला हे तो विचारत नसे.

मी आत येऊन घटासमोर बसले. देवाचं नाव सांगून ती तिथे जात होती, हेच मला जास्त लागलं. चोरीचा राग माणसाला येतो. देवाच्या नावाने खोटं बोलल्याचा राग आला, की आपण फार बरोबर आहोत असं वाटायला लागतं. त्यातच आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःशीही नीट बोलत नव्हते. सेल बदलले नसतील, तर गळके सेल उत्तम म्हणून पास केले ते मी.

शुक्रवारी सकाळी मी विमलताईंना सांगितलं.

*

त्यांनी कलाला सगळ्यांसमोर बोलावलं. "दर गुरुवारी नेसरीला कशाला जातीस?"

कलाचा चेहरा उतरला. चोर सापडल्यावर उतरतो तसाच, असं मला तेव्हा वाटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या गाडीनं."

ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही माझ्या गाडीला नाडी लावलीत?"

मी टेबलावरच्या पकडी सारख्या करू लागले.

"इचारायचं तरी," ती म्हणाली. "एकाच चुलीवर तेरा वर्षं झाली आपल्याला. तोंडानं इचारायचं."

"मग आता विचारतोय," विमलताई म्हणाल्या. "नेसरीत कुणाकडं?"

कलाने कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि चप्पल घालून निघून गेली.

"बोलली न्हाई म्हणजे झालंच की," कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली. हलवायला नको होती.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी दारात उभी राहिले. पीठ मळलेल्या हातानेच ती म्हणाली, "दादाकडं जाते. माझ्या भावाकडं."

आमच्या घरात तिच्या भावाचं नाव कोणी काढत नाही. बांधावरून भांडण झालं तेव्हा तो आमच्या ह्यांच्या अंगावर धावून आला होता. ह्यांनी देव्हाऱ्यासमोर सांगितलं होतं, त्या घराशी संबंध ठेवील त्याला या घरात जागा नाही. नेसरीत तो राहतो हे मला ठाऊक होतं. पण सात वर्षं जे नाव उच्चारलं नाही, ते आठवलंही नाही.

"एक अंग गेलंय त्याचं," कला म्हणाली. "बायको न्हाई, पोर न्हाई. आठवड्याची भाकरी भाजून ठेवते, कपडं धुते. गाडी तिथंच जरा चार्जिंगला लावते, तर त्याला तेवढाच आनंद. माझ्या घरची वीज घे म्हणतो."

"मग ताईंना का नाही सांगितलंस?"

"ताईंना सांगितलं की भावजींच्या कानावर येतंय. चोरी केली म्हणू देत. ते खोटं हाय, आज ना उद्या जाईल. दादाचं खरं हाय. ते कसं जाईल?"

मी देवघरात गेले आणि माळ घेतली. खरं सांगायचं, तर माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला नव्हता. भाऊ आहे, कबूल. पण भंगारवालाही तिथेच आहे, असं मन म्हणत होतं. संशयाला एकदा ओसरीवर बसू दिलं, की तो आत येऊन पाणी मागतोच.

*

शनिवारी हौसाबाईंची पेटी मोडीत काढायचं काम माझ्याकडे आलं. उरलासुरला चार्ज उतरवून सेल वेगळे करायचे, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवायचे आणि मोडीच्या केंद्राला पाठवायचे. रबरी हातमोजे घालून मी पहिल्या सेलवरची निकेलची पट्टी पकडीने ओढली. पट्टीबरोबर कागदाची रिंगही निघाली.

खाली लाल दिसलं.

गंज, असं वाटलं. गंज होताच, काठाला तपकिरी. पण टोपीवर, तिच्या बाजूच्या बारीक भोकांवर आणि टोपी-काठाच्या मधल्या फटीत जे होतं ते तपकिरी नव्हतं. बोटाने उमटवलेला लाल टिळा होता तो, चंद्रकोरीसारखा.

दुसरी रिंग काढली. लाल. तिसरी. दहावी. छत्तिसावी.

मी खुर्चीवर बसले. मग उठून कॅलेंडर उलटं फिरवलं. ऑक्टोबर. बारा तारखेच्या चौकोनात खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, खंडेनवमी.

त्या दिवशी कारखान्यात काम नव्हतं, हत्यारांची पूजा होती. कलाने कुलूप उघडून दिलं आणि ती झेंडू आणायला गेली. मी नाडीची पूजा केली, वेल्डिंगच्या यंत्राची केली, पकडींना, कात्रीला कुंकू लावलं. कोठीत लाकडी फळीवर उत्तम शेऱ्याचे सेल उभे होते, उघड्या डोक्याने, अजून रिंगा लागायच्या होत्या. बारा-बाराच्या नऊ ओळी. एकशे आठ. तिघा आजाऱ्यांच्या तीन पेट्यांसाठी. मी माझ्या माळेकडे पाहिलं. यांच्यावर कोणाचा तरी श्वास चालणार, असं मनात आलं आणि डोळे भरले. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून ओलं कुंकू एकेका सेलच्या कपाळी लावत गेले. एक सेल, एक नाम.

कुंकू म्हणजे हळद आणि चुना. ओलं असताना ते टोपीवरून काठापर्यंत उतरलं आणि धन-ऋणाच्या मध्ये वाट झाली. वाळल्यावरही आमच्याकडची दमट हवा ते पीत राहिलं. त्या वाटेने वीज थेंब थेंब गळू लागली, काठ गंजू लागला. तोंडच बदललं म्हणून नाडीने सेल ओळखले नाहीत. ते बदललेले आहेत असं ती म्हणालीच नव्हती. ते आम्ही म्हणालो.

आणि मी तक्त्यात लिहिलं होतं, कोणी हाताळले नाही. लबाडीने नव्हे. पूजा म्हणजे हात लावणं, हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

रिंगा चिकटवणाऱ्या शेवंताला मी हाक मारली. "तू रिंगा लावल्यास तेव्हा कुंकू दिसलं होतं का गं?"

"व्हय की," ती म्हणाली. "खंडेनवमीचं. मग पुसायचं कसं?"

"पेटी आली त्या दिवशी ताईंनी विचारलं, काही वेगळं दिसलं का, तेव्हा का नाही बोललीस?"

"कुंकवात काय वेगळं, अक्का?"

*

तोपर्यंत सगळे एकाच पेटीबद्दल बोलत होते. आता मला कळलं, की दुसऱ्या दोन पेट्यांतही तेच सेल आहेत. एक महागावला, एक हलकर्णीला. त्यांची तक्रार नव्हती, कारण त्या चोवीस तास भिंतीच्या चार्जरला लावलेल्या असायच्या. जितकं गळे तितकं चार्जर भरत राही. एकीकडे काठ गंजतोय, वाफ बाहेर सोडणारी भोकं बुजलीत, आणि सेल मात्र कायम काठोकाठ भरलेले. अशा सेलला ताप चढला तर वाफेला वाट कुठून मिळणार?

मी महागावला फोन लावला. तिथल्या सुनेने उचलला.

"पेटीची वायर भिंतीतून काढा. यंत्र सरळ विजेवर राहू द्या. पेटी हाताला गरम लागते का?"

"लागतीय की. मामा थंडीचं पाय शेकत्यात तिच्यावर. बरी ऊब हाय म्हणत्यात."

"त्यांचे पाय काढा," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा कधी निघाला नव्हता. शेवंता दचकून मागे सरली. "आधी पाय काढा! दार-खिडक्या उघडा. पेटीजवळ कोणी थांबू नका."

हलकर्णीलाही तेच सांगितलं. तिथली पेटी गार होती. विमलताईंनी गाडी काढली. मागे वाळूचे डबे आणि दोन सिलिंडर घेतले, वीज गेलीच तर असावेत म्हणून. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं, कुंकवापासून 'कोणी नाही'पर्यंत. त्यांनी गाडीचा वेग तेवढा वाढवला.

महागावला घरात शिरताच गोड वास आला, जास्त पिकलेल्या फळासारखा. म्हातारे खुर्चीवर बसून कुरकुरत होते. "चांगली ऊब हुती. न्यायला आल्या लगेच." मी लाकडी पाटीवर पेटी उचलून अंगणात नेली आणि वाळूत ठेवली. एका कोपऱ्यातले चार सेल फुगून वरचं झाकण उचलायला लागले होते. सून माझ्याकडे बघत होती. "बाई, ही पेटली असती?"

"हो," मी म्हणाले.

हलकर्णीची पेटी ताब्यात आली तेव्हा ऊन कलत होतं. परतताना घाटाच्या वळणावर विमलताईंनी गाडी बाजूला घेतली.

"यशोदाक्का, झालं ते झालं. कुणाला काही झालं न्हाई. कुंकवाचं कागदावर नको."

"मग काय लिहायचं?"

"काहीच न्हाई. नाडी म्हणते साम्य एक्केचाळीस टक्के. तपासणीला माणसं येतील, ती नाडी वाचतील. कोठीची किल्ली कलाकडं होती. पुढं त्यांचं ते बघतील."

"कला चोर ठरेल."

"ठरलीयच की. दोन महिन्यांनी परत घेऊ तिला, मी बोलते तिच्याशी. पण बायकांनी पूजा करून आजाऱ्यांच्या पेट्या नासवल्या असं बाहेर गेलं, तर परवाना गेला. बावीस बायका घरी बसतील. आणि लोक हसतील, अक्का. तुमच्या देवाला हसतील."

त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणूनच ऐकावंसं वाटत होतं. मला वाटलं, माझ्या देवाला हसू नये यासाठी मी गप्प बसायचं, म्हणजे एका बाईच्या माथी चोरी ठेवून त्याची इभ्रत राखायची. असली इभ्रत त्याने माझ्याकडे कधी मागितली होती?

"ताई," मी म्हणाले, "नवा तक्ता मीच भरणार ना?"

"तुम्हीच."

सोमवारी मी भरला. चाचणीनंतर कोणी हाताळले? यशोदा रेडेकर. कारण? ओल्या कुंकवाने पूजा, एकशे आठ सेल. खाली सही केली, आणि ताईंनी पान परत काढून घ्यायच्या आत त्याचा फोटो तपासणी कार्यालयाला पाठवला. आयुष्यात त्यांच्यापुढे मी पहिल्यांदाच घाई केली.

*

कारखान्याच्या कामाला सव्वा महिना मनाई झाली. परवाना गेला नाही. आता उत्तम शेऱ्याच्या सेलवर त्याच दिवशी रिंग लागते, आणि खंडेनवमीला हळदकुंकू यंत्राच्या बाहेरच्या पत्र्यावर, कोरडं, असा नियम झाला आहे. तो मीच लिहून दिला. बायका मला टोमणे मारतात. "अक्का आल्या, तांब्या लपवा गं." मी ऐकून घेते. आधी हसायचं की नाही ते कळत नसे.

ताईंनी कलाला घरी येऊन किल्ली दिली, सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. कलाने त्यांना चहा दिला, किल्ली घेतली नाही. आता ती रिंगा चिकटवते.

चोरीचं खोटं होतं, ते तिने म्हटल्याप्रमाणे गेलं. पण 'नेसरी' हा शब्द माझ्यामुळे बावीस बायकांच्या कारखान्यात उच्चारला गेला होता. तो घरी पोचायला तीन दिवस लागले. आमचे हे तिला घराबाहेर काढा म्हणाले नाहीत, म्हणू दिलं नाही मी. पण ते तिच्याशी बोलत नाहीत. तिने वाढलेलं जेवत नाहीत. एकाच चुलीवरच्या दोन पातेल्यांतून मी त्यांना वेगळं वाढते.

मनाई अजून उठली नव्हती तेव्हाच मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार आला. मी पहाटे घट मांडला. पाच पानं माझीच मी मांडली. दहा वाजले तरी कलाची गाडी अंगणातच उभी. ती पायी निघून गेली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या भावासाठी मऊ भाकरी केल्या, पिठलं केलं, डबा भरला आणि पदर खोचून एसटी स्टँडवर गेले.

ती नेसरीच्या फलाटावर उभी होती, कापडी पिशवी पोटाशी धरून.

"गाडी का नाही काढलीस?"

"एसटी बरी," ती म्हणाली. "तिकीट फाडलं की संपलं."

मी डबा पुढे केला. "दादांसाठी. उपवास आहे माझा, चव पाहिली नाही. मीठ कमी असेल तर सांग त्यांना."

तिने डबा घेतला नाही. हल्ली अन्न गरम ठेवणारे, खाली सेल बसवलेले डबे सगळीकडे मिळतात.

"ह्यात सेल हाय?"

"नाही. साधा स्टीलचा आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. एसटी फलाटाला लागली, माणसं दाराकडे धावली. कलाने डबा हातात घेतला, पिठलं सांडू नये म्हणून जरासाच तिरपा केला आणि तळावरून सावकाश बोट फिरवलं, काठाकाठाने, पूर्ण एक फेरा. मी दोन्ही हात समोर धरून उभी राहिले. तिचं पाहून होईपर्यंत तशीच.